सोमाजीने राखलेला झुला

पुंजना रचावा तर सोमाजीनं, असं त्या पट्ट्यात म्हणत. धान कापून झालं की भारे बांधून खळ्यावर आणायचे आणि एकावर एक रचायचे. लोंब्या आत, बुडखे बाहेर. मग अवकाळी येवो की वारं सुटो, दाणा कोरडाच राहिला पाहिजे. सोमाजीच्या पुंजन्यात उंदीर शिरला तर त्याला बाहेरची वाट विचारावी लागते, असं लोक गमतीनं म्हणायचे, आणि सोमाजीनं ते कधी खोडून काढलं नाही.

याच हुशारीपायी त्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, आणि त्या चुकीनंच त्याला नोकरी मिळवून दिली.

गाव पवनीपासून दहा-बारा किलोमीटरवर. वैनगंगा पूर्वी गावापासून दूर होती. खाली धरण झालं, पाणी फुगत फुगत आलं आणि शिवाराच्या कडेला येऊन थांबलं. पाण्यामागोमाग नागपूरचे एक शेटजी आले. पाणी पाहून त्यांचं डोकं फिरलं. इथं बोटी फिरतील, हॉटेल होईल, पोरांसाठी घसरगुंड्या होतील, आणि मधोमध लोखंडी रोलर कोस्टर उभा राहील, असं त्यांनी ठरवलं. कुठल्याशा परदेशातली एक बाग बंद पडली होती. तिथला वापरलेला झुला त्यांनी विकत घेतला. दोन हजार अकरा सालच्या हिवाळ्यात एकतीस ट्रेलर भरून तो झुला गावात आला. एवढे ट्रेलर तर धरण बांधतानाही त्या रस्त्यानं आले नव्हते.

सोमाजी तेव्हा हमालांचा मुकादम होता. सोबत आलेल्या इंजिनिअर साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं, "तुकडे नीट रचून ठेवा, मी पवनीहून जेवून येतो." साहेब जेवायला गेले, तिथं कोणाशी बोलत बसले आणि संध्याकाळी परतले. तोवर सोमाजीनं क्रेनवाल्याला हाताशी धरून निम्मा झुला रचून काढला होता. कसा? त्याला येत होता तसा. दोन लांब ओळी, समोरासमोर, पुंजन्यासारख्या. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेला होता. सोमाजीच्या हिशेबी ती लोंबी. लोंबी आत आणि बुडखा बाहेर.

साहेब आ वासून पाहतच राहिले. "अरे, सगळे नंबर आत गेले! आता कुठला तुकडा कुठं, हे कळणार कसं?"

"मी हावो ना साहेब," सोमाजी म्हणाला.

पुन्हा उपसून रचायला क्रेन थांबणार नव्हती, उरलेला निम्माही त्याच ओळींवर तसाच चढला. एकशे बारा तुकडे जसे होते तसेच राहिले, आणि ते कुठं काय आहेत हे जाणणारा एकुलता एक माणूस म्हणून सोमाजीला चौकीदार नेमलं. पत्र्याची एक शेड, शेडला लागून दोन खोल्यांचं घर. तिथं तो आणि त्याची बायको कुंताबाई राहायला आले. पोरगी रीना लग्न होऊन तुमसरकडे गेली होती, तेव्हा घरात ही दोघंच.

झुला काही उभा राहिला नाही. कुठं परवानगी अडली म्हणत, कुठं भागीदार फुटला म्हणत. शेटजी पहिल्या वर्षी चारदा आले, दुसऱ्या वर्षी एकदा, मग फोनवरच. पगार तेवढा चुकला नाही. आणि सोमाजीचं काम काय, तर जे कधी हललं नाही ते हलू द्यायचं नाही.

दुसरा कोणी असता तर खाटेवर पडून राहिला असता. सोमाजीचा स्वभाव तसा नव्हता. दर दसऱ्याला घरोघरी विळा-कुऱ्हाडीची पूजा होते. हा गडी दोन ओळींच्या मधल्या बोळीत रांगत शिरायचा आणि एकशे बारा लोंब्यांना हळदकुंकू लावायचा. ते लावता लावता नंबर तोंडपाठ झाले. पुढं काही नंबरांचा रंग उडाला, काहींवर वाळवीनं माती चढवली, पण सोमाजीला वाचायची गरज उरली नव्हती. सत्तावन्न म्हटलं की त्याला कळायचं, पूर्वेची ओळ, खालून दुसरा, अंगानं जरा पिळलेला. नटबोल्ट एकवीस ड्रमांत भरलेले होते. साहेबांनी दिलेलं ग्रीस तिसऱ्या वर्षी संपलं. सोमाजीनं फोन केला, कोणी पाठवलं नाही. मग त्यानं गावच्या घाण्यावरून टोरीचं तेल आणलं, मोहाच्या बियांचं, आणि दर उन्हाळ्यात एकेक बोल्ट त्या तेलात बुडवून काढायला लागला. कुंताबाई म्हणायची, "माझ्या केसाले कधी एवढं तेल नाई लावलं तुमी."

गावानं झुल्याचा आपापल्या परीनं उपयोग करून घेतला. रुळांवर वड्या वाळल्या, मिरच्या वाळल्या, लुगडी वाळली. एका मंडईला तर गंमतच झाली. दिवाळीनंतर गावाची मंडई भरते, पाहुणेरावळे येतात, दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ होतो. त्या वर्षी पाहुण्यांना बसायला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून लोकांनी सोमाजीच्या हातापाया पडून झुल्याचा एक डबा ट्रॅक्टरवर घालून नेला. चार जणांची मऊ गादीची बैठक. माजी सरपंच केवळराम ऐटीत बसले आणि मांडीवरचा दांडा त्यांनी सहज खाली ओढला. तो बसला तो बसला. उघडायची कळ डब्याच्या मागं खाली, पायानं दाबायची. ती फक्त सोमाजीला ठाऊक, आणि सोमाजी दंडार पाहण्यात गुंग. केवळरामांनी भाषण बसूनच केलं, सत्कार बसूनच घेतला, आणि सव्वा तासानं कोणाच्या तरी ध्यानात आलं की हा मानाचा भाग नाही, माणूस अडकला आहे.

साहेबांनी जाताना सोमाजीला एक रंगीत चित्र दिलं होतं. झुला पूर्वी होता तिथला, उभा असतानाचा. लाल रूळ, निळे खांब, मागं समुद्र. सोमाजीनं ते घरात चिकटवलं. आणि साहेब बोलता बोलता एक वाक्य बोलून गेले होते. "हा इथं उभा राहिला ना सोमाजी, की एकशे दहा फुटांवरून तुला धरणाचा पलीकडचा काठसुद्धा दिसेल."

त्या वाक्यानं सगळा घोळ केला. कारण ते कुंताबाईनं ऐकलं.

कुंताबाईचं माहेर बोडीटोला. पूर्वी नदीला डोंगा टाकला की पलीकडे अर्ध्या तासात पोचता यायचं. सणाला सकाळी जाऊन ती संध्याकाळी चूल पेटवायला परत यायची. धरणात बोडीटोला गेला. भाऊ उमरेडकडे निघून गेले, माय तर त्याच्या आदल्या वर्षीच वारली होती. आता मधे नुसतं पाणी. या काठाला बेशरमीचं रान माजलेलं, आणि सपाट मुलूख, की चार पावलं वर चढून पाहावं तर चढायला टेकाडही नाही.

घर बुडालं याचं तिला तेवढं वाटत नव्हतं. मातीचं घर, ते आज ना उद्या पडायचंच. तिचा जीव अडकला होता तो बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरच्या मोहाच्या झाडात. चैतात तांबडं फुटायच्या आधी माय तिला उठवायची. दोघी टोपल्या घेऊन पाळीवर जायच्या. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असायचा, तिकडच्या बोलीत गंज, म्हणजे पुष्कळ, आणि माय म्हणायची, आधी एक तोंडात टाक, मग वेच. सहा वर्षांची असल्यापासून ते लग्नाच्या आदल्या वर्षापर्यंत तिनं त्या एका झाडाची फुलं वेचली. गाव उठल्यावर थोरल्या भावानं निरोप धाडला होता, की बाकी सगळं बुडालं, पण मोह पाण्यात उभा आहे, शेंडा वर दिसतो.

"मंग वरून दिसन?" त्या दिवशी साहेब गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं होतं.

"दिसन म्हंजे? काहून नाई दिसनार! एकशे दहा फूट हाय. तुले पयल्या डब्यात बसवतो. नुसता मोह पाय."

सोमाजी बोलून बसला, आणि बोललेल्या शब्दाला तो जागणारा माणूस होता. झुल्याचा सर्वात उंच माथा कुठं येणार, ती जागा साहेबांनी खुंटी ठोकून दाखवली होती. सोमाजी रोज खुंटीपाशी उभा राहून मान वर करायचा. आभाळातली ती रिकामी जागा त्याच्या ओळखीची झाली. तिथं घार फिरायला लागली की तो कुंताला हाक मारायचा, "ये वो, पाय, घार आपल्या झुल्यावर बसून राह्यली." ती येऊन पाहायची.

तिसऱ्या वर्षीच्या जेठात त्याच्या मनात आलं, झुला उभा राहील तेव्हा राहील, आपण तिला मोहाच्या चार टोऱ्या तरी आणून द्याव्या. पाणी उतरलं होतं. दर आठवड्याला मासळी विकायला येणाऱ्या सुशीलाबाई ढिवरणीचा नवरा बाबुलाल, त्याचा डोंगा ठरवला. कुंताला सांगितलं, भंडाऱ्याला शेटजीच्या कामाला जाऊन येतो. ऊन चढायच्या आत दोघं बोडीटोल्याला लागले. बोडीची पाळ पाण्यातून वर आलेली होती. चिखल वाळून भेगा पडलेल्या. पाळीवर मोह नव्हता. बुडखा होता, गुडघ्याएवढा, करवतीनं सपाट कापलेला. दोन वर्षं पाण्यात सुकत उभं राहिलेलं झाड कोणीतरी सरपणाला नेलं होतं.

सोमाजी त्या बुडख्यावर किती वेळ बसला त्याला आठवत नाही. परत येताना त्यानं बाबुलालला गळ्याची शपथ घातली, हे कोणाजवळ बोलायचं नाही. घरी आला तेव्हा कुंतानं विचारलं, "झालं का भंडाऱ्याचं काम?" तो म्हणाला, "झालं."

सांगायचं त्याच्या मनात रोज यायचं. पण सांगायचं कसं? तिचा दिवस त्या झाडावर टेकलेला होता. सकाळी अंगण झाडताना ती आभाळातल्या त्या जागेकडे पाहायची. एखाद्या दिवशी पोळी करता करता मधेच म्हणायची, "फुलला असन आता." आणि सोमाजी म्हणायचा, "असन ना." पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली, दुसऱ्यांदा कमी झाली, पुढं पुढं सवय लागली. खोट्याचं असंच असतं. रोज पाणी घातलं की तेही मूळ धरतं. झुला उभा राहणार नाही हे त्याला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळून चुकलं होतं, आणि देवाची कृपा म्हणावी तशी त्यानं ती गोष्ट मनातल्या मनात मानली होती. झुला नाही तर पाहणं नाही, आणि पाहणं नाही तर झाड उभंच आहे.

तरी त्याला झुला हवा होता, हीच सगळ्यात वेडी गोष्ट. खुंटीपाशी उभा राहिला की त्याला खरंच वाटायचं, आज जर वर जाता आलं तर मोह दिसेल. आपण पाहिलेला बुडखा त्याला तेवढ्या वेळापुरता आठवायचा नाही. साठी उलटलेला माणूस रिकाम्या आभाळाकडे पाहत उभा राहायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. लोकांना वाटायचं, उन्हानं आले असतील.

यंदाच्या मे महिन्यात शेटजींचा फोन आला. झुला विकला. दुसऱ्या राज्यातल्या एका बागेनं घेतला, न्यायला माणसं येत आहेत.

आली ती तृप्ती नावाची इंजिनिअर मुलगी, नागपूरचीच, तिशीही ओलांडली नसेल. डोक्यावर पिवळी टोपी, हातात यादी. पन्नास टनी क्रेन घेऊन भैय्यालाल आला. तो बपेऱ्याचा, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचा, त्याच्या बोलण्यात निम्मी हिंदी. तृप्तीच्या यादीत कुठला तुकडा कुठल्या ट्रेलरवर कुठल्या क्रमानं जाईल ते लिहिलेलं होतं. तिनं दोन्ही ओळींना एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि टोपी काढून घाम पुसला.

"काका, नंबर कुठं आहेत?"

"आत हायेत."

"आत का?"

सोमाजीनं तिला पुंजना कसा रचतात ते पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की हसण्यासारखी परिस्थिती नाही. पण सोमाजी उभा राहिला आणि बोट दाखवत गेला. पहिला तुकडा बाहेर निघाला, नंबर पाहिला, बरोबर. दुसरा बरोबर. दहाव्या तुकड्यानंतर तृप्तीनं नंबर तपासायचंच सोडून दिलं. बोल्टांचे ड्रम उघडले तेव्हा तिनं एक बोल्ट उचलून नाकाशी नेला. "कसला वास हा?" सोमाजीनं सांगितलं. त्या दिवसापासून ती "काका" जरा आदरानं म्हणायला लागली. जे काम महिन्याचं धरलं होतं ते नऊ दिवसांत उरकलं.

प्रत्येक ट्रेलर निघाला की सोमाजी फाटकापर्यंत चालत जायचा. सत्तावन्न गेला, त्या दिवशी तो जेवला नाही. कुंतानंही आग्रह केला नाही.

नवव्या दिवशी शेवटचे तुकडे चढले. शेडचे पत्रे काढायला क्रेनला लोखंडी पिंजरा लावला होता, माणसं उभी राहून काम करतील असा. पत्रेही उतरले. तृप्ती सोमाजीपाशी आली. "काका, तुम्ही नसता तर आम्ही पावसाळ्यात अडकलो असतो. तुम्हाला काय देऊ सांगा. कंपनीला सांगून मिळवून देते."

सोमाजी म्हणाला, "काही नाई पाह्यजे, मॅडम."

कुंताबाई चहाची किटली घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, "मले एकडाव त्या पिंजऱ्यात बसवून वर ने, पोरी."

सोमाजी घाईनं पुढं आला. "काय बोलतं वो! भोवळ येईन तुले. वय काय तुझं!"

"तुमच्याहून चार वर्सानं कमी," ती म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.

तृप्तीनं आधी नियम सांगितले. मग पिंजरा पाहिला, वारा पाहिला, भैय्यालालकडे पाहिलं. भैय्यालाल म्हणाला, "हवा बिलकूल नाई मॅडम. पट्टा बांधून नेऊ, धीरे धीरे. माय, कितना ऊपर पाह्यजे तुले?"

"एकशे दहा फूट," कुंताबाई म्हणाली. आकडा सांगताना ती क्षणभरही अडखळली नाही.

पिंजऱ्यात दोघांपुरतीच जागा. तृप्तीनं तिला पट्टा बांधला, डोक्यावर पिवळी टोपी घातली आणि स्वतः शेजारी उभी राहिली. पिंजरा फिरू नये म्हणून त्याला एक लांब दोर बांधतात; तो खालून कोणीतरी धरायचा असतो. तो सोमाजीच्या हातात आला. चौदा वर्षं ज्या खुंटीपाशी तो उभा राहिला होता, तिथंच उभं राहून त्यानं दोर धरला.

पिंजरा उचलला गेला. कुंताच्या चपला आधी त्याच्या डोळ्यांसमोर आल्या, मग डोक्यावर गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. हातातून दोर सरकत होता आणि सोमाजीच्या मनात एकच गोष्ट होती. आता तिला दिसणार. जेठ आहे, पाणी उतरलेलं आहे, पाळ उघडी पडलेली असणार. त्या पाळीवर झाड नाही हे तिला दिसणार. आणि मग तिच्या लक्षात येणार, की आपला नवरा भंडाऱ्याला गेला नव्हता. बाईमाणूस असं दोन आणि दोन चार करायला वेळ लावत नाही. ज्या आभाळातल्या जागेसाठी त्यानं एवढी वर्षं जीव टाकला, त्या जागेवर आज त्याची बायको पोचत होती, आणि त्याला वाटत होतं की दोर ओढून तिला खाली आणावं.

पिंजरा थांबला. बरोबर तिथं, जिथं घार फिरायची. एवढासा दिसत होता. सोमाजीनं कपाळावर हात धरून पाहायचा प्रयत्न केला, पण सूर्य नेमका डोळ्यांत. किती वेळ गेला कोण जाणे. भैय्यालालनं बिडी पेटवली, ती संपली. मग वरून तृप्तीनं हात हलवला.

खाली आल्यावर कुंताबाईचा पट्टा सोडायला वेळ लागला. ती पिंजऱ्याबाहेर आली, टोपी काढून तृप्तीच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि खाली बसली. पाणी मागितलं. सोमाजीनं तांब्या दिला. ती सावकाश प्यायली. तिचा चेहरा ताकास तूर लागू देत नव्हता.

शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. "दिसला का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "दिसला," ती म्हणाली.

"मोह?"

"हो. पाळीवर. हाय तसाच उभा हाय."

सोमाजीनं रिकामा तांब्या उचलला. एवढ्या लांबून म्हातारीला दुसरंच एखादं झुडूप दिसलं असेल, माणसाला जे पाहायचं असतं ते दिसतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि सुटल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं, तसं वाटलं नाही. बुडखा आता त्याच्या एकट्याचाच राहिला. तिला सांगायची वेळ होती ती गेली, असं वाटून रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

सकाळी तृप्ती जायला निघाली. जीपमध्ये सामान टाकलं, पुन्हा उतरली आणि सोमाजीला फाटकापाशी बाजूला घेतलं.

"काका, एक सांगायचं होतं. काकूंना कळू देऊ नका."

"सांगा ना."

"काल वर गेल्यावर मला लांब ती पाळ दिसली. मी म्हटलं, काकू, ती बघा. त्यांनी एकदा पाहिलं. म्हणाल्या, 'मोह तर कधीचाच कापला, पोरी. सुशीला ढिवरणीनं मले सांगतलं, अकरा वर्सं झाली. हे जाऊन पाहून आले. येताना डोंग्यात रडले म्हने. मले नाई सांगतलं.'"

सोमाजीनं फाटकाचा गज धरला. ढिवराला शपथ घातली होती, ढिवरणीला घालायची राहिली होती.

"मग मी विचारलं," तृप्ती म्हणाली, "काकू, माहीत होतं तर वर कशाला आलात? एवढी भीती वाटत होती, माझा हात सोडत नव्हत्या. तर म्हणाल्या..." तिनं घराकडे पाहिलं. "म्हणाल्या, 'खाली उतरल्यावर मले इचारतीन ना, दिसला का म्हनून. चौदा वर्सं थांबले बिचारे तेवढं इचाराले. झुला तर चालला. मंग कधी इचारनार?'"

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत सोमाजी फाटकातच उभा होता. मग तो मैदानातून परत निघाला. जिथं दोन ओळी होत्या तिथं गवत उगवलंच नव्हतं. जमिनीवर दोन लांब पांढुरके पट्टे पडले होते, आणि मधे त्याच्या गुडघ्यांनी झिजलेली बोळ. खुंटीपाशी आला तेव्हा सवयीनं मान वर जाणार होती, पण तो थांबला नाही. सरळ घराकडे चालत गेला.

कुंताबाई अंगणात सूप घेऊन चिंच फोडत बसली होती. तो तिच्या समोर टेकला. एक चिंच उचलून सोलायला लागला. सांगून टाकावं, माफी मागावी, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं जे एवढ्या उंचावर जाऊन त्याच्यासाठी आणलं होतं, ते तिच्या हातात परत कसं द्यायचं?

"कुंता."

"हं?"

"मोहाले फुलं होते का वो?"

तिचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही. मग चिंचोका बाजूला टाकत म्हणाली, "जेठात कायचे फुलं? टोऱ्या लागल्या होत्या."

"गंज?"

"गंज," कुंताबाई म्हणाली. "खालची फांदी वाकली होती."